कारणासकट सल्ला

२१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहाच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यातली जमीन हलली. तीव्रता ४.५ होती. थोड्याच वेळात ३.६ चा आणखी एक धक्का बसला आणि पार नांदेड-परभणीपर्यंत माणसं घराबाहेर आली. त्यानंतर प्रशासनाने जे आवाहन केलं, त्यात एक सूचना अशी होती, की ज्यांच्या घरावर पत्रे आहेत आणि पत्र्यांवर आधाराला दगड ठेवलेले आहेत, त्यांनी ते दगड काढून घ्यावेत. सूचना रास्त होती. जमीन हलते तेव्हा पत्र्यावरचा दगड घरंगळतो आणि दारातून बाहेर पळणाऱ्याच्याच डोक्यावर येतो. पण दिवस मार्चअखेरचे होते. पुढे एप्रिल-मे, म्हणजे वावटळीचे आणि वळवाचे दिवस. दगड काढले आणि पत्रेच उडून गेले तर काय, हा पत्र्याखाली राहणाऱ्या माणसाचा प्रश्नही तेवढाच रास्त होता. त्याच वर्षी १० जुलैला पुन्हा ४.५ तीव्रतेचा धक्का बसला. या वेळी केंद्र कळमनुरी तालुक्यातल्या रामेश्वर तांड्याजवळ होतं.

ते दगड पत्र्यावर आपोआप चढलेले नव्हते. प्रत्येक दगड कुणाच्या तरी सल्ल्याने वर गेला होता. नवे पत्रे टाकणाऱ्याने शेजाऱ्याला विचारलं आणि शेजारी म्हणाला, "वारं लई असतंय इकडं, चार दगड ठिव वर." शेजाऱ्याला ते त्याच्या सासऱ्याने सांगितलेलं होतं. हा सल्ला चुकीचा म्हणता येणार नाही, पण तो अर्धा होता. काय करायचं ते त्यात होतं, का करायचं ते गळून पडलेलं होतं. कारणासकट तो सांगितला गेला असता तर असा झाला असता: वारा पत्र्याच्या खालून शिरतो, वरूनही पत्र्याला ओढ बसते, आणि पत्र्याची खालच्या पाइपावर पकड नसली की तो उचलला जातो, म्हणून पकड पक्की होईपर्यंत वजन ठेव. एवढं समजलं की पुढचा मार्ग माणूस स्वतःच काढतो. पत्रा जे-हुकाने पाइपाशी आवळला, वर नीट वायसर बसवले, की दगडाचं कामच उरत नाही. वाराही सांभाळला जातो आणि भूकंपातला धोकाही जातो. दगड ठेवायला सांगणाऱ्याने कारण सांगायला हवं होतं, तसंच दगड काढा म्हणणाऱ्या प्रत्येकाने त्याच्या जागी काय करायचं हेही सांगायला हवं.

घराच्या डागडुजीबद्दल, सामान वाहण्याबद्दल, अशा रोजच्या शेकडो कामांबद्दल आपण एकमेकांना विचारतो. विचारलंच पाहिजे. गावात कुणी एकटा शहाणा नसतो आणि प्रत्येक चूक स्वतः करून शिकायला कुणाचं आयुष्य पुरत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की सल्ला कारणासकट मागावा आणि कारणासकटच द्यावा. कारण गळून पडलेला सल्ला परिस्थिती बदलली तरी तसाच फिरत राहतो, आणि ज्या घराला तो कालपर्यंत सांभाळत होता त्याच घरावर एक दिवस उलटतो.

मराठवाड्याने याची फार मोठी किंमत दिलेली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. त्यातली बहुतेक स्वतःच्याच घराखाली गेली. ती घरं माळवदाची होती. भिंती दगड आणि चिखलाच्या, वर तुळया, त्यावर किलच्या आणि त्यावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात त्या छताखाली गारवा असायचा, हे त्या घराचं मोठं सुख होतं. पण माळवद गळतं. गळू नये म्हणून दर वर्षी पावसाच्या तोंडाशी वर पांढरी माती टाकायची आणि चोपून घ्यायची, हा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला सल्ला होता. तो गळतीवर लागूही पडायचा. मात्र जुनी माती काढून नवी टाकायची की जुनीवरच नवी चढवायची, हा प्रश्न हळूहळू बाजूला पडला. वर्षाला बोटभर म्हणता म्हणता कुठे कुठे थर हात-दीड हात जाड झाला. पाणी अडवायला घट्ट मातीचा पातळ थर पुरतो, वजनाचं तिथे काही काम नाही, हे कारण लोकांच्या बोलण्यात राहिलं असतं तर छतं इतकी जड झाली नसती. त्या घरांचा भूकंपात टिकाव लागणं तरीही अवघडच होतं, कारण भिंतीही कच्च्या होत्या. पण छताचं ते वजन तरी डोक्यावर नसतं.

यावरून कुणी असा अर्थ काढेल, की जुनं ते सगळं टाकून द्यावं आणि फक्त इंजिनिअरला विचारावं. तो अर्थ मला मान्य नाही. माळवद बांधणाऱ्यांना पाण्याची चाल उत्तम कळत होती. छताला डोळ्यांना दिसणारही नाही इतका उतार कुठल्या बाजूला द्यायचा, पन्हळ भिंतीपासून किती पुढे काढायची, पाणी पायाशी पडू नये म्हणून खाली फरशी कुठे टाकायची, हे सगळं त्यांना ठाऊक होतं. अडचण अशी झाली, की एका पिढीच्या आतच घराचा माल बदलला. मातीच्या जागी पत्रा आला, पत्र्याच्या जागी स्लॅब येतो आहे. सागवानी तुळईच्या जागी लोखंडी पाइप आला. मालाबरोबर कारणं बदलली आणि सल्ले मात्र जुनेच राहिले. मातीच्या छतावर वजन चढवायची सवय होती, तीच पत्र्यावर दगडाच्या रूपाने आली. म्हणूनच जुन्या माणसाला विचारताना "तुम्ही काय करायचात?" एवढ्यावर थांबू नये. "ते तसं कशासाठी करायचात, काका?" हेही विचारावं. कारण कळलं की ते नव्या मालाला लावून पाहता येतं.

आता एक साधं काम जवळून पाहू. पत्र्याच्या घराची पन्हळ गळते. हिंगोलीत वर्षाला साधारण आठशे-नऊशे मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो थोड्याच दिवसांत, कधीकधी एकाच रात्रीत बदाबदा कोसळतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. प्रधानमंत्री आवास योजनेतलं घरकुल किमान २५ चौरस मीटरचं असतं. त्याच्या छतावर एका रात्रीत ५० मिलिमीटर पाऊस झाला तर १२५० लिटर पाणी खाली येतं, म्हणजे सव्वा टन. पन्हळ नसेल किंवा फुटकी असेल तर हे पाणी वळचणीला, भिंतीच्या पायाशी पडतं. आपल्याकडची काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून पाया दर वर्षी थोडा हलतो आणि भिंतीला तडा जातो. मग माणूस तड्याला सिमेंट भरतो. दुखणं मात्र वर, पन्हळीत असतं.

अशा वेळी आपण बाजारात जाऊन विचारतो, "पन्हळ गळतीये, काय लावू?" हा प्रश्नच अपुरा आहे, म्हणून उत्तरही तसंच मिळतं. दुकानदार त्याच्याकडे असेल ते काढून देतो: सिलिकॉनची नळी, एमसील, नाहीतर डांबराची पट्टी. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याने घर पाहिलेलं नाही आणि आपणही त्याला दाखवलेलं नाही. प्रश्न असा हवा: पन्हळ किती लांब आहे, पत्र्याची आहे की पीव्हीसी पाइप उभा चिरून केलेली आहे, गळती सांध्यात आहे की मधे, पाणी छिद्रातून येतं की कडेवरून ओसंडतं, कुठल्या पावसात येतं. या प्रत्येक गोष्टीचा इलाज वेगळा आहे. पन्हळीला दहा फुटांना पाव ते अर्धा इंच उतार लागतो. उतार कमी पडला तर गाळ आणि पाला साचतो, पाणी तुंबतं, पत्रा गंजतो. तिथे कितीही सिलिकॉन भरलं तरी पुढच्या वर्षी तेच. उतार फार दिला तर खालच्या टोकाशी पन्हळ पत्र्यापासून इतकी लांब जाते की पाणी तिला ओलांडून पलीकडे पडतं. पत्र्याची कड पन्हळीच्या आत दोनेक इंच यायला हवी. त्याहून कमी आली तर बारीक पावसात पाणी पत्र्याच्या खालच्या अंगाला चिकटून मागे वळतं आणि भिंतीवर उतरतं. पन्हळीची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा किंचित खाली ठेवतात. मोठ्या पावसात पन्हळ भरलीच तर पाणी बाहेरच्या बाजूला सांडावं, भिंतीकडे येऊ नये, यासाठी. आधाराच्या पट्ट्या दोन-तीन फुटांवर हव्यात, कारण भरलेल्या पन्हळीचं वजन मधे झोळ पाडतं आणि झोळात उतार मरतो.

गळतीचं मूळ शोधायची एक पद्धत जुने पत्राफिटर वापरतात. एक माणूस शिडीवर पाण्याची बादली आणि तांब्या घेऊन चढतो, दुसरा घरात उभा राहतो. पाणी आधी सगळ्यात खाली, कडेला ओततात. आत थेंब आला नाही तर हातभर वर सरकतात. पुन्हा ओततात, पुन्हा थांबतात. घाई करायची नाही, कारण पाणी पाइपाच्या अंगाने चार-पाच फूट वाहत जाऊन भलतीकडेच टपकतं. खालून वर जायचं कारण असं, की वरून सुरुवात केली तर पाणी वाहत सगळ्याच सांध्यांवर जातं आणि दोषी सांधा कुठला ते कळत नाही. पुष्कळदा शेवटी सापडतं ते एवढंच, की स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारायचा तो खोलगट भागात मारला आहे. पाणी तिथूनच वाहणार, तर गळणारही तिथूनच. ही पद्धत ज्याला कारणासह समजली, त्याला पुढे कुठल्याही छताची गळती शोधता येते. ज्याला नुसतं "इथं एमसील लाव" असं सांगितलं, त्याला दर वर्षी पुन्हा विचारायला यावं लागतं.

या कामात एका माणसाला विचारायचं बहुतेक वेळा राहून जातं, ती म्हणजे घरातली बाई. गळतीखाली रात्री पातेलं ठेवणारी तीच, अंथरूण सरकवणारी तीच, धान्याची कणगी ओली होऊ नये म्हणून जागणारीही तीच. पाणी कुठल्या कोपऱ्यात आधी येतं, झिमझिम पावसात येतं की झोडपणाऱ्या पावसात, आणि मावळतीकडून वारं सुटलं तरच येतं का, हे तिला नेमकं माहीत असतं. वाऱ्याच्या पावसातच गळत असेल तर दोष पत्र्याच्या छिद्रात नसून बाजूच्या फटीत आहे, एवढं निदान तिच्या एका वाक्यावरून होऊ शकतं. पण मिस्त्री आला की बोलणं अंगणात, पुरुषांत होतं आणि ती आत चहा टाकत असते. आपल्याकडे ज्ञानाची जी नासाडी होते, तिचा मोठा वाटा या एका सवयीत आहे.

आता सामान वाहून आणण्याकडे वळू. पत्रे, पन्हळी, पाइप हे सगळं तालुक्याच्या बाजारातून गावात आणायचं असतं. एसटीत लांब माल चालत नाही. काळी-पिवळीच्या टपावर दोन पाइप बांधून नेणं ही तर नेहमीची गोष्ट. आता घरोघरी छोट्या गाड्या आल्या, तेव्हा दुकानासमोर उभं राहून विचारलं जातं, "जाईल का हो टपावर?" आणि उभे असलेले चारहीजण म्हणतात, "जातंय की! न जायला काय झालं?" माणसं भली आहेत, मदतीला हातही लावतात. पण "जाईल का" या प्रश्नाला "जाईल" हेच उत्तर मिळतं, कारण पहिल्या चौकापर्यंत सगळंच जातं.

इथली कारणं सोपी आहेत आणि कुणालाही समजतील. छोट्या मोटारीचं टप पन्नास ते पंचाहत्तर किलोच्या आसपास वजन पेलतं. नेमका आकडा गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत असतो आणि कॅरिअरचं वजनही त्यातच धरायचं असतं. दहा फूट लांब, साडेतीन फूट रुंद आणि अर्धा मिलिमीटर जाड लोखंडी पत्रा साधारण साडेबारा किलो भरतो. म्हणजे चार पत्र्यांतच पन्नास किलो झाले. पाइप वीस फुटी असतो आणि गाडी बारा-तेरा फुटांची, तेव्हा सात-आठ फूट पाइप हवेत राहणार. दुकानातच तो दहा-दहा फुटांचा कापून घेतला आणि जोडायला कपलर घेतला तर प्रश्न मिटतो. सगळ्यात मोठी गोष्ट वाऱ्याची. वेग दुप्पट केला की वाऱ्याचा जोर चौपट होतो. ताशी चाळीसला शांत बसलेला पत्रा ऐंशीला पुढून उचलला जातो. घराच्या छतावर जे घडतं तेच इथेही घडतं. म्हणून दोरी नुसती दारांच्या आतून ओढून भागत नाही. पुढच्या आणि मागच्या टोकालाही खाली ओढ द्यावी लागते. नायलॉनची दोरी ताणते, म्हणून पाच-सहा किलोमीटरनंतर थांबून पुन्हा आवळावी लागते. वजन टपावर गेलं की गाडीचा तोल वर जातो, वळणावर ती जास्त कलते, म्हणून वळण सावकाश घ्यायचं. यातलं काही जमणार नसेल तर छोटा हत्ती भाड्याने करणं हेच शहाणपणाचं.

कायदाही याच कारणांवर उभा आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. माल गाडीच्या बाजूने, पुढून, मागून किंवा उंचीने ठरलेल्या मर्यादेबाहेर येत असेल तर त्या दुरुस्तीनुसार वीस हजार रुपये दंड आहे आणि माल उतरवण्याचा खर्चही वाहनधारकावर आहे. टपावर बसून प्रवास करायलाही १९८८ च्या मूळ कायद्यातच मनाई आहे. पण "पुढं पोलीस असतेत का?" एवढंच विचारून निघणाऱ्याला यातलं काही कळत नाही. त्याला दंड चुकवायचा असतो आणि त्याला सल्लाही तेवढाच मिळतो, की अमुक फाट्यावरून वळ. मागून मोटारसायकलवर लेकरू पुढे बसवून येणारा माणूस या संभाषणात कुठेच नसतो.

सल्ल्याच्या नैतिकतेचा प्रश्न इथेच उभा राहतो. पन्हळीचा सल्ला चुकला तर बहुतेक वेळा विचारणाऱ्याचंच घर गळतं. टपावरच्या पत्र्याचा सल्ला चुकला तर ज्याने काही विचारलं नव्हतं, ज्याला काही माहीतही नव्हतं, त्याचा जीव जातो. पन्हळीचंही तसं पूर्ण खासगी नसतं. आपलं पाणी शेजाऱ्याच्या भिंतीवर सोडलं की वळचणीवरून सुरू झालेली भांडणं दोन-दोन पिढ्या चालतात. म्हणून सल्ला देताना समोरच्याचं काम भागलं की झालं, असं म्हणता येत नाही. या कामाचा ताप आणखी कुणाला होणार आहे, हे विचारात घेणं सल्ला देणाऱ्याचं कर्तव्य आहे.

माझ्या म्हणण्यावर आक्षेप घेतले जातील, हे मला माहीत आहे. पहिला आक्षेप असा, की ऐकावे जनाचे आणि करावे मनाचे हे आपण लहानपणापासून ऐकत आलो, त्यात आणखी काय सांगायचं राहिलं? राहिलं ते हे, की मनाने ठरवायचं तर मनाजवळ काहीतरी माप हवं. चार जणांनी चार गोष्टी सांगितल्या आणि एकानेही कारण सांगितलं नाही, तर मन शेवटी स्वस्त, सोपी किंवा आवडत्या माणसाची गोष्ट उचलतं. कारणं समोर असतील तरच त्यांची तुलना करता येते.

दुसरा आक्षेप अनुभवातून येतो. मिस्त्रीला "का" विचारलं की त्याला राग येतो. आपल्यावर विश्वास नाही असं त्याला वाटतं, आणि हाताला काम असलेला माणूस काम टाकून वर्ग घेत बसणार नाही. यात तथ्य आहे. पण याची मुळं आपल्याच वागण्यात आहेत. आपण वस्तूचे पैसे देतो, मजुरीचे देतो, पण सल्ल्याचे द्यायला तयार नसतो. मग सल्ल्याची किंमत मालात घालून वसूल होते आणि गरज नसलेला मालही खपवला जातो. एखाद्या जाणत्या फिटरला नुसतं पाहायला आणि समजावून सांगायला बोलावलं, काम नाही दिलं तरी अर्ध्या दिवसाची मजुरी हातावर ठेवली, तर तो मोकळेपणाने सांगेल की यात नवं काही घालू नका, उतार तेवढा सारखा करा. कारागिराच्या डोक्यात जे आहे त्याला दाम दिला पाहिजे. त्याच्या हातांनाच पैसे द्यायचे आणि डोकं फुकट वापरायचं, हा आपल्या समाजातला जुना अन्याय आहे, आणि त्याला जातीची बाजू आहे हेही स्पष्ट म्हटलं पाहिजे.

तिसरा आक्षेप वेळेचा. हातावर पोट असणाऱ्याला चार जणांना विचारत फिरायला सवड कुठे? खरं आहे. पण चार जणांना विचारायची गरज नाही. दोघे पुरतात, फक्त ते दोघे वेगवेगळ्या जागी उभे असले पाहिजेत. एकाच दुकानाच्या पायरीवरच्या चौघांचं मत हे एकाच माणसाचं मत असतं. माल विकणारा एक आणि ज्याला त्या मालातून काही मिळत नाही असा एक; घर बांधणारा एक आणि तशाच घरात दहा पावसाळे काढलेला एक; अशी जोडी निवडावी. जगातलं सर्वांत नाजूक मोजमाप करणारी माणसंही हेच करतात. १४ सप्टेंबर २०१५ रोजी गुरुत्वीय लहरी पहिल्यांदा सापडल्या. त्या वेळी अमेरिकेतली लायगोची दोन यंत्रं एकमेकांपासून सुमारे तीन हजार किलोमीटरवर होती. एकाच यंत्रात ती थरथर उमटली असती तर ती जवळच्या एखाद्या हादऱ्याची असू शकली असती. दोन्हीकडे काही मिलिसेकंदांच्या फरकाने तीच खूण आली, म्हणून विश्वास ठेवता आला. याच लायगो प्रकल्पाचं भारतातलं केंद्र औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळा इथे उभं राहायचं आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने त्यासाठी सुमारे २६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली. दूरच्या तिसऱ्या-चौथ्या जागेवरून पाहिलं की लहर आकाशाच्या कुठल्या बाजूने आली हे अधिक नेमकं कळतं, हे त्या केंद्राचं एक मोठं प्रयोजन आहे. शास्त्रज्ञाला ज्या कारणासाठी दुसरी जागा लागते, त्याच कारणासाठी आपल्याला दुसरा सल्लागार लागतो.

औंढ्याशी जोडलेली याहून जुनी एक आठवणही इथे सांगावीशी वाटते. संत नामदेवांचं जन्मगाव म्हणून ओळखलं जाणारं नरसी याच जिल्ह्यात आहे. आख्यायिका अशी, की संतांच्या मेळ्यात गोरोबाकाकांनी थापटण्याने एकेकाचं मडकं तपासलं आणि नामदेव कच्चे ठरले. ज्याच्याशी विठ्ठल बोलतो असा हा माणूस. त्याला विठ्ठलानेच औंढ्याला विसोबा खेचरांकडे पाठवलं. नामदेव देवळात गेले तर विसोबा पिंडीवर पाय ठेवून पडलेले. नामदेवांनी पाय काढायला सांगितले. विसोबा म्हणाले, जिथे पिंड नसेल तिथे तूच ठेव. नामदेव पाय उचलून जिथे जिथे ठेवू गेले तिथे तिथे पिंड दिसली. या कथेतला गुरू एकही आज्ञा देत नाही. तो शिष्याला स्वतःच्या हाताने करून पाहायला लावतो आणि कारण त्याच्या डोळ्यांपुढे उभं करतो. विचारायला जाण्यात कमीपणा नाही आणि शिकवण्यात हुकूम नाही, या दोन्ही गोष्टी या मातीत सातशे वर्षांपासून सांगितल्या जात आहेत.

तरीही विचारणं हा सगळा व्यक्तीचाच भार राहू नये. शेतीसाठी आपण सल्ल्याची मोठी व्यवस्था उभी केली आहे. परभणीचं कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे, कळमनुरी तालुक्यात तोंडापूरला कृषी विज्ञान केंद्र आहे, गावात कृषी खात्याचा माणूस येतो, २००४ पासून किसान कॉल सेंटर आहे. हळदीवर कंदकुज आली तर विचारायला जागा आहे. आरोग्यासाठी दारापर्यंत आशाताई येते. मग ज्या घरात माणूस आयुष्य काढतो, त्या घराबद्दल विचारायला गावात अधिकृत जागा का नसावी? घरकुलाचा हप्ता देताना जोत्याचा, भिंतीचा, छताचा फोटो काढला जातो. ते आवश्यक आहे. पण फोटो काढून झाल्यावर पन्हळ कुणी लावायची, पत्रा कशाने आवळायचा, पांगरा शिंदेसारख्या गावांत जमिनीतून आवाज येतात तिथे छत किती हलकं ठेवायचं, हे समजावून सांगणारं माणूस कुणाच्याच कामाच्या यादीत नसतं.

यासाठी नवं खातं काढायची गरज नाही. १ मे रोजी गावोगाव ग्रामसभा होते. हिंगोली जिल्ह्याचा स्थापना दिवसही तोच, १ मे १९९९. मृग लागायला तेव्हा पाच-सहा आठवडे असतात, म्हणजे दुरुस्ती करायला हाच नेमका काळ. त्या दिवशी सभेनंतर दोन तास घरांसाठी ठेवावेत. तालुक्याच्या आयटीआयमधला एक निदेशक, गावातला एक जाणता मिस्त्री, पंचायत समितीचा अभियंता आणि गळक्या घरांतल्या बाया यांनी एकत्र बसावं. नुसतं बसू नये, गावातल्या एका खऱ्या घरावर शिडी लावून बादलीने गळती शोधून दाखवावी आणि एक पत्रा दगडाऐवजी हुकाने आवळून दाखवावा. मिस्त्रीला त्या दिवसाचा रोज ग्रामपंचायतीने द्यावा. शाळेच्या भिंतीवर म्हणी रंगवतो, तशी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर पाच-सात वाक्यं रंगवावीत: उतार किती, हुक कुठे, टपावर किती किलो, दोरी कुठून कुठे, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी त्याचं कारण. खर्च एका मंडपाच्या भाड्याहून अधिक येणार नाही.

बाकी मग आपल्यावर आहे, कारण आपण सगळेच कधी ना कधी सल्ला देणारे असतो. पाहिल्याशिवाय सांगू नये. माहीत नसेल तर "मला ठाऊक नाही, पण अमक्याला विचार" असं म्हणावं. ज्याला हे म्हणता येतं त्याचा सल्ला गावाने जपावा. सांगताना कारण जोडावं आणि हा सल्ला कुठपर्यंत लागू आहे, कुठून पुढे नाही, हेही सांगावं. आणि सल्ला देऊन मोकळं होऊ नये. पहिला मोठा पाऊस झाला की जाऊन विचारावं, "गळतंय का रे अजून?" गळत असेल तर आपलं कारण चुकलं होतं आणि ते दुरुस्त करायची संधी आपल्याला आयती मिळाली. गळत नसेल तर ते कारण आता एका घराने पारखलेलं आहे आणि दुसऱ्याला अधिक भरवशाने देता येईल. अशी पारख होत राहिली, तरच घराबद्दलचं आपलं शहाणपण मालाबरोबर आणि जमिनीबरोबर बदलत राहील, आणि पुढच्या पिढीला आपण नुसते सल्ले देऊन जाणार नाही, ते तपासायची रीतही देऊन जाऊ.